वाळूखेड्याच्या पिवळ्या फुलाची ओळखपरेड

सरकारी कागद वरून खाली पाण्यासारखा येतो म्हणतात. ते खोटं आहे. पाणी वाटेत जिरतं; कागद वाटेत फुगतो. पुण्याच्या एका वनस्पतिशास्त्राच्या डॉक्टरांनी १९५७ सालच्या दसऱ्याला दोन पानांचं पत्र टाकलं. ते एकेक कचेरी उतरत, प्रत्येक पायरीवर 'पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी' असा शेरा अंगावर घेत, कार्तिकात वाळूखेड्याच्या चावडीत पोचलं तेव्हा अकरा पानांचं झालं होतं. शिवाय मूळच्या दोन पानांतलं एक त्यात नव्हतंच. त्या पानावर फुलाचं वर्णन होतं, आणि ते लॅटिन भाषेत असल्यामुळे वाटेतल्या कुठल्याशा कारकुनाने 'भाषांतर होऊन यावे' असं लिहून ते कपाटात ठेवलं होतं. लॅटिनचं भाषांतर कोणाकडे मागायचं हे त्याला ठाऊक नव्हतं, त्यामुळे पान अगदी सुखरूप होतं.

चावडीत हा गठ्ठा सोडायला बसला भाईदास तलाठी. मूळचा पहूरचा, वय तेवीस, वाळूखेड्यात येऊन आठ महिने झालेले. गाव त्याला 'आप्पा' म्हणे. तलाठ्याला आप्पा म्हणायची तिथली रीतच होती. माणूस बदले, आप्पा तोच राही. पण हा आप्पा हंगामी होता आणि सगळं घोडं तिथेच पेंड खात होतं.

कारण यावलच्या अभिमन नानांची सुनंदा. त्याने तिला पाहिलं होतं, तिने त्याला पाहिलं होतं, दोघांनी नंतर बराच वेळ जमिनीकडे पाहिलं होतं, म्हणजे पसंती होती. अडलं होतं ते नानांपाशी. नाना केळीवाले, चाळीस वर्षं एकाच बागेत उभा राहिलेला माणूस. ते म्हणाले, "पोरगी आम्ही कायमची देतो. मग जावई हंगामी कसा चालायचा?" संक्रांतीपर्यंत कायम झाल्याचा हुकूम दाखवला तर सुपारी फुटणार होती. नाहीतर चोपड्याचा एक मुलगा होता. तो पोस्टात होता. दिसायला, भाईदासच्या मते, पोस्टाच्या पेटीसारखाच होता, पण कायम होता.

मामलेदारसाहेबांनी आपल्या बाजूने एकच अट सांगितली होती: डिसेंबरअखेर दप्तरात एकही कागद तुंबलेला नको, मग बघू. भाईदासने झाडून सगळे कागद निकालात काढले. आणि आता हा आला.

राहिलेल्या पानावर लिहिलं होतं की सन १८८९ मध्ये एका इंग्रज साहेबाने आपल्या गावच्या नदीकाठच्या रेताड गायरानातून एक लहानसं, पिवळ्या फुलाचं रानटी झाड नेलं होतं. त्यानंतर ते कोणी पाहिल्याची नोंद नाही. तरी ते अद्याप तेथे आहे काय, याची खात्रीपूर्वक ओळख पटवून कळवावे.

'ओळख पटवून' हे शब्द वाचल्यावर भाईदासचा जीव भांड्यात पडला. आठ महिन्यांत त्याने पांझरा नदीत वाहून आलेल्या एका प्रेताची, कोंडवाड्यातल्या दोन बैलांची आणि चौदा वर्षांनी घरी परतून वाटणी मागणाऱ्या एका इसमाची ओळख पटवली होती. रीत तीच: अंगावरच्या खुणा, जुना साक्षीदार, पंच आणि पंचनामा. फुलाला ती लागू नाही असं कुठल्याच परिपत्रकात म्हटलेलं नव्हतं. भाईदासने पुन्हा तपासून पाहिलं. खरंच म्हटलेलं नव्हतं.

तो कोतवालाला घेऊन गायरानात गेला. लोटन कोतवाल पन्नाशीचा, दवंडी देऊन देऊन आवाज घोगरा झालेला. गायरानात पाय घोट्यापर्यंत वाळूत जात होता, गवत वाळून पिवळं पडलं होतं आणि त्या पिवळ्यात पिवळी फुलं शोधायची होती. तासाभरात पाच प्रकार निघाले. पहिली पाथरी. ती शेळ्यांना घालतात म्हणून सगळ्या गावाला ठाऊक. उरलेल्या चारांपाशी लोटन थांबला, वाकला, नीट निरखून म्हणाला, "आप्पा, हाई पिवळं फूल शे."

भाईदासने नाव विचारलं.

"त्यानी भाजी व्हत नही, औषध व्हत नही, देवलेबी चालत नही," लोटन म्हणाला. "मंग नाव ठीसन काय करानं?"

भाईदासने गावात आणखी सतरा जणांना विचारलं. सगळ्यांचं उत्तर हेच होतं. वाळूखेड्यात उपयोगाशिवाय कोणाला नाव मिळत नसे; माणसांना मिळे, पण ती चूक बारशाच्या दिवशी होऊन जाई आणि मग कोणी दुरुस्त करत नसे.

आता राहिला जुना साक्षीदार. आश्चर्य म्हणजे तो होता. जीवराम आबा ऐंशीला टेकलेले. साहेब आला तेव्हा ते बारा वर्षांचे होते आणि साहेबाचा घोडा त्यांनीच धरला होता. ही गोष्ट त्यांनी त्यानंतर अडुसष्ट वर्षं रोज सांगितल्यामुळे गावात कोणी ती ऐकत नव्हतं. भाईदासने ऐकली. आबांना इतकं भरून आलं की त्यांना गोष्ट आठवेना, दुसऱ्या दिवशी यावं लागलं.

साहेब उतरला, वाळूत पालथा पडला, भिंग लावून बराच वेळ काहीतरी पाहत राहिला, मग मुळासकट उपटून कागदात दाबून घेऊन गेला. आबा दहा पावलांवर होते.

"पुन्हा दाखवलं तर ओळखाल?" भाईदासने विचारलं.

आबांनी ओळखतो म्हणून सांगितलं, आणि लोटनने तिथल्या तिथे ओळखपरेड घ्यायची सूचना केली. लोटनचा त्या विषयात अधिकार होता. एकदा बाजाराला गेला असताना पोलिसांनी त्याला संशयिताशेजारी नुसतंच रांगेत उभं राहायला नेलं होतं, आणि साक्षीदाराने येऊन नेमका लोटनच्याच खांद्यावर हात ठेवला होता. सुटायला दोन दिवस लागले. तेव्हापासून परेडचे नियम त्याला पाठ होते.

पहिला नियम, रांगेतले सगळे एका पेहरावात हवेत. म्हणून झुंबरलाल शेठच्या दुकानातून वनस्पती तुपाचे पाच रिकामे डबे आणले आणि पाच प्रकारची पाच झाडं मातीसकट त्यांत लावली. दुसरा, उंची सारखी हवी. एक झाड वीतभर जास्त निघालं, त्याच्या डब्यातली माती काढून त्याला खाली बसवलं. तिसरा नियम असा की एकाच्या अंगावर खूण असली तर ती सगळ्यांच्या अंगावर करायची, म्हणजे साक्षीदार खुणेवर जायला नको. दुसऱ्या डब्यातल्या झाडाच्या पानांवर बारीक पांढरी लव होती. भाईदासने सकाळभर बसून उरलेल्या चौघांच्या पानांना बोटाने चुना लावला. चौथ्या नियमाप्रमाणे संशयिताला रांगेत आपली जागा बदलून घेण्याचा हक्क असतो. लोटनने प्रत्येक डब्यासमोर उभं राहून खड्या आवाजात तसं विचारलं. 'इसमांनी हरकत घेतली नाही,' असं भाईदासने लिहून घेतलं.

अख्खा गाव चावडीपुढे जमला. पंच म्हणून झुंबरलाल शेठ आणि बेबाबाई. बेबाबाई रोज गायरानात शेळ्या चारायची, पण पंच म्हणून तिला घेतली ती रिकामी होती म्हणून.

आबांना आणलं. त्यांनी पाच डब्यांपुढून एक फेरी मारली, मान हलवली आणि म्हणाले की असं दिसणार नाही. तेव्हा आपण बारा वर्षांचे होतो, एवढे उंच नव्हतो. मग त्यांना बसवलं. बसून दिसेना. साहेबाचा घोडा डाव्या हातात होता, त्यामुळे मान डावीकडे ओढली गेली होती, तशी हवी, असं त्यांचं म्हणणं पडलं. लोटनने आपला हात पुढे केला, तो त्यांनी धरून पाहिला आणि हा घोडा नव्हे असं सांगितलं. ते गावात कोणी नाकारू शकलं नाही.

शेवटी झुंबरलाल शेठने आपली घोडी आणवली. शेठ आठवडी बाजारांना तिच्यावरून जात. आबांच्या हातात लगाम दिला. आबा बसले, डोळे मिटले, अडुसष्ट वर्षं मागे गेले. तेवढ्यात घोडी पुढे झाली आणि तिने पहिला डबा खाल्ला. म्हणजे झाड.

भाईदास धावणार तोच आबांनी हात वर करून त्याला थांबवलं. घोडीने दुसऱ्या डब्याला नाक लावलं, फुर्रकन शिंकली, मान फिरवून पुढे गेली. तिसरा खाल्ला. चौथा खाल्ला. पाचवा चुन्यासकट खाल्ला. परत दुसऱ्यापाशी आली, हुंगलं, पुन्हा शिंकली आणि सगळ्या गावाकडे अशा नजरेने पाहिलं की हे पानात कोणी वाढलं.

"हाईच," आबा म्हणाले.

भाईदासने विचारलं की आबा, तुम्ही तर अजून डोळेही उघडले नाहीत.

"मी फूल कसाले दखू? मनं ध्यान घोडावर व्हतं," आबा म्हणाले. "साहेबना घोडानी बठ्ठं खादं, एक तेवढं सोडी दिधं. तवय तो खाले उतरना." म्हणजे बाकी सगळं खाणाऱ्या घोड्याने काय टाकलं, ते बघायलाच साहेब खाली उतरला होता.

बेबाबाई पंचांच्या जागेवरून शांतपणे म्हणाली, "मनी बकरीबी त्याले तोंड लावत नही. माले कोनी इचारंच नही."

भाईदासने दुसऱ्या डब्यातलं पान चुरगळून नाकाला लावलं. कापरासारखा, जरा कडसर वास आला. इतकी वर्षं गायरानात ते टिकलं कसं, हे त्याच्या ध्यानात आलं आणि नाकाला थोडी खाजही सुटली. त्याने पंचनामा लिहिला. साक्षीदार क्रमांक एक जीवराम आबा, साक्षीदार क्रमांक दोन घोडी, रंग तांबूस, धनी झुंबरलाल शेठ. खाली पंचांच्या सह्या. तीन दिवसांनी कागद रवाना झाला तेव्हा मार्गशीर्ष लागला होता आणि भाईदास सुनंदाला कोणत्या रंगाचं लुगडं शोभेल याचा विचार करत होता.

आठव्या दिवशी कागद परत आला. तलाठ्यांचे कागद तपासणाऱ्या सर्कल इन्स्पेक्टरने घोडीबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. त्याचा आक्षेप एकच होता: 'ज्याची ओळख पटविली त्याची सही अथवा अंगठा दिसून येत नाही. पूर्तता करून फेरसादर करावे.'

भाईदासने कागद दोनदा वाचला. आक्षेप बरोबर होता. प्रेताच्या वेळीसुद्धा अंगठा घेतला होता.

त्याने चावडीतला शाईचा पॅड काढला. डब्यातल्या झाडाला आता दोन फुलं होती, आठ आण्यांच्या नाण्याएवढी, मध्ये पिवळी गादी आणि भोवती पिवळ्या पाकळ्यांची झालर. आता प्रश्न असा की पुरुषाचा डावा अंगठा घेतात आणि बाईचा उजवा. लोटनचं मत पडलं की गायरानात एकटं उन्हात उभं राहतं, पुरुष असणार. बेबाबाईला बोलावलं. तिने फूल उलटंसुलटं करून पाहिलं आणि बी धरतं त्याअर्थी बाई आहे असं सांगितलं. उन्हात उभं राहायचं म्हणशील तर मीही राहते, असं तिने लोटनला जोडून ऐकवलं. वाद वाढायला नको म्हणून भाईदासने दोन्ही फुलांचे ठसे घेतले. मग डावं कुठलं, आपलं डावं की झाडाचं, यावर दुपार गेली. झाडाचं तोंड कोणीकडे असतं हे ठरेना. तेव्हा ते ज्या बाजूने सूर्याकडे वळतं ती पुढची बाजू मानली आणि 'निशाणी डाव्या फुलाची', 'निशाणी उजव्या फुलाची' असं लिहून काम उरकलं.

फूल शाईत हलके दाबायचं, मग जाड कागदावर ठेवून वरून अंगठ्याने एकसारखा भार द्यायचा. पहिले चार ठसे फिस्कटले. पाचवा उमटला तसा भाईदास बघतच राहिला. ज्याला तो फूल समजत होता ते एक फूल नव्हतंच. मधल्या गादीत बारीक बारीक फुलांची दाटी होती, प्रत्येकाला आपापलं तोंड. भोवतीची एकेक पाकळीसुद्धा वेगळं फूल होती, टोकाला तीन दात असलेलं. सगळी मिळून एका घरात राहत होती आणि बाहेर एकच चेहरा दाखवत होती. त्याला पहूरचं आपलं घर आठवलं. मग पंचनाम्यात 'एक फूल' लिहिल्याचं ध्यानात आलं. त्याने मोजदाद केली. शंभरावर काही भरली. इतक्यांच्या सह्या कुठून आणायच्या? विचार करून त्याने खाली टीप दिली, 'सदर कुटुंब एकत्र असून सर्वांतर्फे कुटुंबप्रमुखाने निशाणी केली आहे.'

हा कागद मात्र कुठेही अडला नाही. खालून वर जाताना जणू त्याला उतार लागला. पौष लागता लागता पुण्याहून डॉक्टरांचं उत्तर आलं, तेही मामलेदारांच्या नावे. त्यांनी लिहिलं होतं की वाळूखेड्याहून आलेले ठसे आपण भिंगाखाली पाहिले. झालरीतली फुलं, त्यांचे तीन तीन दात, मधली दाटी, सगळं इतकं स्वच्छ उमटलं आहे की शंकेला जागा नाही. साहेबाने नेलेलं झाड हेच. तीस वर्षं लोक आपल्याकडे पोत्यात भरून सडका पाला पाठवत आले. अंगठा घेऊन पाठवणारा माणूस पहिल्यांदाच भेटला. घोडीची साक्ष आपण शास्त्रीय टिपणात घेत आहोत. पुढच्या पानावर झाडाचं शास्त्रीय नाव होतं. ते लॅटिनमध्ये असल्यामुळे वाटेत भाषांतरासाठी ठेवून घेतलं गेलं.

मामलेदारांनी हे उत्तर ज्या लखोट्यात घालून चावडीत धाडलं, त्याच लखोट्यात त्यांचा हुकूम होता. भाईदासने तो उभ्याउभ्याच उघडून वाचला.

हुकूम असा होता की डॉक्टरांच्या विनंतीवरून तालुक्यातल्या सर्व गायरानांतल्या व पडीत जमिनींतल्या रानफुलांची याच पद्धतीने ओळख पटवून निशाण्या पाठवायच्या आहेत; सबब हंगामी तलाठी भाईदास यांना या कामावर नेमण्यात येत असून त्यांची हंगामी नेमणूक 'सदर काम पूर्ण होईपर्यंत' चालू राहील.

हंगामी. दोनदा लिहिलं होतं. लोटनने विचारलं काय झालं, तर भाईदासने सांगितलं की चोपड्याच्या पोस्टातल्या मुलाचं लग्न ठरलं म्हणून समज.

आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी अभिमन नाना स्वतः आले. यावलहून जळगाव, जळगावहून धुळे, धुळ्याहून बैलगाडी, असा प्रवास करून धोतराला धूळ लावून चावडीत हजर. लोटन त्यांना गायरानात घेऊन आला. भाईदास वाळूत पालथा पडून एका जांभळ्या फुलाला शाई लावत होता. तो उठला, हात झाडले, वाकून पाया पडला. शाईची दोन बोटं नानांच्या वहाणेवर उमटली.

"काय तलाठीबुवा," नाना म्हणाले, "हुकूम आला म्हणे."

भाईदासला वाटलं, थोडं फिरवून सांगावं. जमलं नाही. त्याने खिशातून हुकूम काढून दिला आणि नजर नानांच्या वहाणांवरच्या शाईवर ठेवली. नानांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला, बोट एकेका शब्दाखालून नेत. 'हंगामी'खाली बोट थांबलं. पुन्हा पुढे गेलं. 'सदर काम पूर्ण होईपर्यंत' इथे परत थांबलं आणि बराच वेळ तिथेच राहिलं.

"हे काम म्हणजे या फुलांचं?"

"हो, नाना."

"एक केलं?"

"एक झालं. हे दुसरं. शाई जरा जास्त लागलीय."

"आणि तालुक्यात एकूण किती?"

भाईदास म्हणाला की ते मोजल्याशिवाय कळणार नाही, आणि ओळख पटल्याशिवाय मोजता येणार नाही. शिवाय काही पावसाळ्यात येतात, काही थंडीत, काही ज्या वर्षी पाऊस नाही त्याच वर्षी येतात. काही गेल्या वर्षी होती ती यंदा दिसत नाहीत, त्यांची वाट बघावी लागेल.

नानांनी चष्मा कपाळावर चढवून गायरानाकडे पाहिलं. पांझरेच्या पात्रापासून पार टेकडीच्या पायथ्यापर्यंत वाळकं गवत हलत होतं आणि त्यात कुठे पिवळं, कुठे पांढरं, कुठे निळसर असं काहीबाही चमकत होतं. केळीच्या बागेत चाळीस वर्षं गवत उपटलेला माणूस तो. दर वर्षी उपटायचा, दर वर्षी यायचं.

"कायम माणूस पंचावन्नाला घरी बसतो," नाना म्हणाले. "हे कधी संपायचं?"

भाईदासने प्रामाणिकपणे सांगितलं, "नाही हो संपायचं, नाना."

नानांनी हुकुमाची नीट घडी घातली, आपल्या कोपरीच्या आतल्या खिशात ठेवली आणि वाळूतच फतकल मारली. पोस्टातल्या मुलाबद्दल त्यांनी लोटनला एवढंच सांगितलं की त्याला नोकरीची एकतीस वर्षं, चार महिने उरलेत. हिशेब पक्का आहे. मग माघातले दोन मुहूर्त त्यांनी बोटांवर मोजले, त्यातला दुसरा धरला, आणि भाईदासच्या पुढ्यातल्या जांभळ्या फुलाकडे बघून विचारलं, "याचं नाव काय?"

"अजून ओळख पटलेली नाही," भाईदास म्हणाला.

"सावकाश होऊ द्या," नाना म्हणाले. "घाई करू नका, जावईबापू."